पुरावा तिनं का द्यायचा?

भाचीच्या परवानगीनं हे लिहिते आहे. तिचं नाव, गाव, कंपनी यातलं काही येणार नाही, पण जे घडलं आणि त्यातून आम्ही कसं निभावून नेलं ते सगळं येईल. त्या वेळी असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर आमचा निम्मा मनस्ताप वाचला असता.

गेल्या आषाढात तिचा चेहरा लावून बनवलेले नको तसे फोटो दोन ठिकाणी आले. एक, मेसेजिंग अॅपवरचं एक चॅनल. दुसरं, फोटो टाकायच्या अॅपवर तिच्याच नावानं उघडलेलं बनावट खातं. त्या खात्यावरून तिच्या ऑफिसातल्या लोकांना रिक्वेस्ट जात होत्या. मैत्रिणीनं तिला दाखवलं, तिनं मला फोन केला. आईला सांगायची हिंमत होत नव्हती. "मावशी, मी काहीच केलेलं नाहीये गं." हे तिचं पहिलं वाक्य. फोटो कुणी टाकले, कुठे टाकले, हे सगळं नंतर. बावीस वर्षांच्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलीला आधी स्वतःची सफाई द्यावीशी वाटली, याचा संताप मला आजही येतो. ती सफाई मागणारे आपणच आहोत, म्हणून येतो.

हे काम करणारी अॅप आणि साइट उघड मिळतात. साधा, अंगभर कपड्यांतला फोटो दिला की यंत्र कपडे काढून हातात देतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वकिलांनी अशा १६ साइटवर खटला भरला, तेव्हा त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांतच तिथे २० कोटी भेटी झाल्याचं त्यांनी सांगितलं होतं. त्याही आधी, २०१९ मध्ये, डीपट्रेस या कंपनीनं इंटरनेटवरचे डीपफेक, म्हणजे एआयनं चेहरा बदलून बनवलेले व्हिडिओ मोजले होते. त्यातले ९६ टक्के संमतीशिवाय केलेले अश्लील व्हिडिओ होते. डीपफेक म्हटलं की आपल्याला निवडणुका आणि पुढारी आठवतात. या तंत्राचा पहिला आणि सर्वात मोठा मार बायकांवर पडला आहे, हे मात्र फारसं बोललं जात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ फिरला, तेव्हा देशभर चर्चा झाली, केंद्र सरकारनं कंपन्यांना सूचना पाठवल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एकाला अटकही केली. नावाजलेल्या नटीच्या बाबतीत हे झालं, चांगलंच झालं. प्रश्न होता तो आमच्यासारख्यांचा.

घरात बैठक बसली. ताई रडत होती. भावजींचं म्हणणं, नोकरी सोडायची, नंबर बदलायचा, काही दिवस गावी यायचं, आपोआप मिटेल. माझा पुतण्या म्हणाला, तिनं स्टेटस टाकावं, "हे फोटो एआयनं बनवलेले आहेत, विश्वास ठेवू नका." एका नातेवाइकांनी तर एखाद्या लॅबमधून फोटो खोटे असल्याचा दाखला आणता येईल का, याची चौकशीही सुरू केली होती. पुढे स्थळं येतील तेव्हा दाखवायला बरा.

मी पंचायत समितीत लेखा विभागात काम करते. कायद्याची पदवी नाही, पण आधी नियम वाचायचा आणि मग तोंड उघडायचं, ही सवय नोकरीनं लावली. त्या रात्री मी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम उघडून बसले. नियम ३(२)(ब). एखाद्या व्यक्तीचे खासगी अवयव, पूर्ण किंवा अर्धवट नग्नता, लैंगिक कृती दाखवणारा किंवा तिचं सोंग घेणारा मजकूर सकृद्दर्शनी दिसत असेल, तर त्या व्यक्तीनं किंवा तिच्या वतीनं कुणीही तक्रार केल्यापासून २४ तासांत (ही तेव्हाची मुदत) कंपनीनं तो काढायचा. कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ते वाचल्यावर मला जे कळलं तेच मी दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांसमोर सांगितलं: फोटो खरा की खोटा, हे तिनं सिद्ध करावं असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. खरा असता तरी काढावाच लागला असता. मग दाखला कशासाठी आणायचा? आणि कुणाला दाखवायचा?

भावजी गप्प झाले, पटलं असं मात्र नाही. "अहो, तुमचं कायद्याचं ठीक आहे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?" ते म्हणाले. मी म्हटलं, "भावजी, लोकांचं नंतर बघू. आधी फोटो हटवू आणि करणाऱ्याला शोधू." नंबर बदलायचा नाही, हेही मी ठामपणे सांगितलं. तिच्या नंबरवर आलेले मेसेज, तारखा, वेळा हा पुरावा होता. नोकरी सोडायचा तर प्रश्नच नव्हता. तिनं स्वतःच सांगितलं, "मी सोमवारी ऑफिसला जाणार."

मी एसटीनं स्वारगेटला उतरले आणि तिच्या खोलीवर जाऊन आम्ही दोघी कामाला लागलो. पहिलं काम पुरावा गोळा करायचं. घाबरलेली माणसं खातं दिसलं की लगेच रिपोर्ट करून मोकळी होतात. खातं उडतं आणि त्याबरोबर सगळा मागही. नुसता स्क्रीनशॉट काढून भागत नाही. प्रत्येक पोस्टची लिंक कॉपी करायची, खात्याची वेगळी, चॅनलची वेगळी. वर दिसणारं नाव बदलता येतं म्हणून खात्याचं युजरनेम आणि लिंक दोन्ही टिपायचं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसली पाहिजे. दुसऱ्या फोननं सलग व्हिडिओ घ्यायचा: अॅप उघडलं, खातं शोधलं, पोस्ट उघडली, लिंक दिसली. हे सगळं आम्ही वहीत आखून लिहिलं: क्रमांक, लिंक, कधी पाहिलं, कुणी कळवलं. आणि ते फोटो एकालाही फॉरवर्ड करायचे नाहीत, "बघा काय केलंय" म्हणूनसुद्धा नाही. असा मजकूर पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. ऑफिसातल्या ज्या दोघांनी तिला "तुला म्हणून पाठवतोय" असं म्हणत ते धाडले होते, त्यांना तिनं हे कलम लिहून पाठवलं. दोघांनीही ताबडतोब फोटो काढून टाकले.

ते फोटो बघणं मला जड गेलं, तिला किती गेलं असेल! पण बघताना तीच एकदम म्हणाली, "मावशी, थांब. हा कान बघ." उजव्या कानामागे, केसांच्या कडेला हळदीचा एक पुसट डाग होता. कानात मोत्याची कुडी. यंत्रानं मानेखाली सगळं स्वतःच्या मनानं रंगवलं होतं, चेहरा आणि कान मात्र जसाच्या तसा उचलला होता, हळदीसकट. तो फोटो मे महिन्यातल्या मामेबहिणीच्या हळदीचा होता. तिनं तो कुठेही सार्वजनिक टाकलेला नव्हता. लग्नघरानं केलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेवढा आला होता. म्हणजे उचलणारा त्या ग्रुपमधला, किंवा ग्रुपमधल्या कुणाकडून मिळवलेला. मूळ फोटो आम्ही ग्रुपमधून शोधून काढला, शेजारी ठेवला: तोच डाग, केसांची तीच बट.

तो डाग सापडल्यावर घरच्यांना आनंद झाला. खोटेपणाचा पुरावा मिळाला, आता सगळ्यांना दाखवू! तिनं नकार दिला आणि मी तिच्या बाजूनं उभी राहिले. हा पुरावा पोलिसांसाठी होता, चोर शोधायला. आत्या-काकांना ती निष्कलंक आहे हे पटवायला नव्हता.

मग तक्रारी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांना वेगळा विभाग आहे. तिथे दोन वाटा दिसतात: नाव न देता कळवणं, किंवा नोंद करून पाठपुरावा करणं. निनावी वाट घ्यावीशी वाटते, पण त्यात पुढे काय झालं ते कळत नाही. आम्ही मोबाइल नंबर देऊन, ओटीपी टाकून दुसरी घेतली. पोचपावतीचा क्रमांक मिळाला, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. तिथे लावून आपला वेळ जातो, तेव्हा अशा कामासाठी थेट पोर्टल आणि पोलीस ठाणं.

कंपन्यांकडे तक्रार करताना खरी कसोटी लागली. अॅपमध्ये रिपोर्टचं बटण दाबल्यावर यादी येते. "बनावट खातं" निवडलं की ते साध्या तक्रारींच्या रांगेत जातं. आमचं उत्तर आलं: तपासलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. तिचा चेहरा, तिचं नाव, अंगावर कपडे नाहीत, आणि भंग आढळला नाही! भाचीनं फोन पलंगावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी पुन्हा नियम उघडला. प्रत्येक मोठ्या कंपनीनं भारतात रहिवासी तक्रार अधिकारी नेमलेला असतो, त्याचा ईमेल साइटवर द्यावाच लागतो. आम्ही बटण सोडलं आणि त्या अधिकाऱ्याला मेल केला: नियमाचा क्रमांक, लिंका एकाखाली एक, "या प्रतिमा माझ्या आहेत आणि माझी संमती नाही" हे वाक्य, पोर्टलचा पोच क्रमांक. यादीतून तक्रार करतानाही या वेळी "माझ्या संमतीशिवायचा खासगी फोटो" हाच पर्याय घेतला. दुसऱ्या दिवशी खातं उतरलं.

मेसेजिंग अॅपचं चॅनल चिवट निघालं. मेलला उत्तर येईना. अशा वेळी केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ती सोय झाली, ऑनलाइन आहे आणि फी नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत अपील करायचं. आमचं अपील लिहून तयार होतं, तेवढ्यात पोलिसांचं पत्र गेल्यावर चॅनल बंद झालं.

पोलीस ठाण्याचा अनुभव दोन टोकांचा. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदारांनी विचारलं, "फोटो सगळ्यांना दिसतील असे ठेवले होते का? कुणाशी काही होतं का?" ती खाली बघायला लागली. मी म्हटलं, "साहेब, घरात चोरी झाली तर कपाट का घेतलं असं विचारता का?" ते म्हणाले, "एनसी करून देतो, तुमची नोंद राहील." एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात तपास नाही. मी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं लिहूनच नेली होती: ६६क ओळख चोरणं, ६७ अश्लील मजकूर पसरवणं आणि ६७अ उघड लैंगिक कृतीचा मजकूर पसरवणं. ६७अ ला पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत शिक्षा आणि १० लाखांपर्यंत दंड आहे, तो दखलपात्र गुन्हा आहे. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, त्यामुळे "पीआय साहेबांना भेटायचंय" एवढं एकच वाक्य आम्ही धरून बसलो. आणि आमच्या लेखी अर्जावर आवक क्रमांक, शिक्का, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

निरीक्षक बाई निघाल्या. त्यांनी भाचीला आत बोलावलं, पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लिंका आणल्यात का?" वही बघून त्यांचा चेहरा बदलला. हळदीचा फोटो त्यांनी बराच वेळ मोठा करून पाहिला आणि ग्रुपच्या सभासदांची यादी मागितली. फोटो खोटे आहेत का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. हद्दीचा प्रश्न निघाला, कारण ग्रुप दुसऱ्या जिल्ह्यातला. पण १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि मग वर्ग करायचा, आणि प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची. अशा शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, असंही बाईंनी समजावलं. आमच्या प्रकरणात त्यांना ती लागली नाही. स्क्रीनशॉट न्यायालयात चालायला नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक ज्याच्या उपकरणातून पुरावा काढला त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हींत फाइलची हॅश किंमत येते. त्यासाठी मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवायला सांगितली. तिनं त्या तशाच जपल्या, एका फोल्डरमध्ये, नाव दिलं "पोलीस".

ही हॅश म्हणजे काय, हे मला स्टॉपएनसीआयआयमुळे नीट समजलं. संमतीशिवाय पसरवलेल्या खासगी फोटोंसाठी ब्रिटनमधल्या संस्थेनं डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केलेली ही मोफत सेवा आहे. अठरा वर्षांवरच्या कुणालाही वापरता येते, एआयनं बनवलेल्या फोटोंनाही चालते. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो. त्यावरून आकडे-अक्षरांची एक ओळख तयार होते आणि तेवढीच बाहेर जाते. फेसबुक, इन्स्टाग्राम, रेडिट अशा सहभागी कंपन्या त्या ओळखीशी जुळणारा फोटो अडवतात. भाचीला सर्वात धास्ती याचीच होती की हे फोटो आणखी एका अनोळखी माणसाच्या हाती द्यावे लागतील. तसं करावं लागत नाही हे कळल्यावर तिनं स्वतः बसून सगळं भरलं. केस क्रमांक आणि पिन मिळतो, तो जपून ठेवायचा. मर्यादाही सांगते: जी अॅप सहभागी नाहीत तिथे याचा उपयोग नाही, आणि फोटोत बराच फेरफार केला तर ओळख जुळत नाही.

गुगलकडे शोधनिकालातून असे बनावट फोटो काढायचा वेगळा अर्ज आहे. तो मंजूर झाला की त्याच फोटोच्या इतर प्रतीही ते शोधून काढतात. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये याच स्वरूपाच्या प्रकरणात बजावलं होतं की तोच मजकूर पुन्हा वर आला म्हणून पीडितेला पुन्हापुन्हा न्यायालयात यायला लावू नका. तो निकाल आम्ही पुढच्या मेलमध्ये नमूद करत गेलो.

गणपतीच्या आधी पोलिसांनी एका मुलाचा फोन जप्त केला. तो नात्यातला नाही, लग्नघरच्या एका पाहुण्याचा मित्र. फोटो त्याला त्या पाहुण्याकडून मिळाला होता. आधी तिला मागणी घालायचा प्रयत्न झाला होता आणि तिनं नाही म्हटलं होतं, एवढंच कारण निघालं. फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आहे, अहवाल आल्यावर दोषारोपपत्र दाखल होईल. त्या पाहुण्याचा, "मुलाचं आयुष्य बरबाद होईल, मागे घ्या," असा फोन ताईला आला. ताईनं, जी पहिल्या दिवशी नुसती रडत होती, त्यांना सांगितलं, "अहो, मुलीच्या आयुष्याचं कुणी विचारलं नाही मला." आणि फोन ठेवला.

२० फेब्रुवारी २०२६ पासून नियम बदलले आहेत. अशा फोटोंसाठी २४ तासांची मुदत २ तासांवर आली आणि एआयनं बनवलेल्या मजकुराला तशी खूण लावणं बंधनकारक झालं. त्याआधी जानेवारीतच एक्सवरच्या ग्रोक या एआय चॅटबॉटनं बायकांचे असे फोटो सर्रास बनवून दिले होते आणि केंद्राला एक्सला नोटीस काढावी लागली होती. मुदत कमी झाली ही मोठी गोष्ट आहे. पण "भंग आढळला नाही" असं उत्तर मिळून पहिली फेरी वाया जाणार असेल, तर दोन तास काय आणि चोवीस काय. रिपोर्टच्या बटणामागे मराठी जाणणारा माणूस बसायला हवा, आणि ठाण्याच्या पहिल्या खिडकीवर लिंका मागणारा.

तक्रार अधिकाऱ्याला आम्ही पाठवलेल्या मेलचा मजकूर मराठीत देते. आम्ही तो इंग्रजीत पाठवला होता. नाव आणि लिंका बदलून कुणीही वापरावा.

"मी, अमुक, या मेलमधील प्रतिमांमधली व्यक्ती आहे. या प्रतिमा माझ्या संमतीशिवाय बनवल्या आणि प्रसिद्ध केल्या आहेत. त्या माहिती तंत्रज्ञान (मध्यस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणि डिजिटल माध्यम नीतिसंहिता) नियम, २०२१ च्या नियम ३(२)(ब) खाली येतात. नियमात दिलेल्या मुदतीत खालील प्रत्येक लिंकवरचा मजकूर काढावा, खात्याची आणि अपलोडची नोंद तपासासाठी जतन करावी आणि केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी. सायबर गुन्हे पोर्टलवरील पोच क्रमांक: ____. लिंका: १. ____ २. ____ ३. ____. या प्रतिमा खऱ्या आहेत की बनावट, याबाबत मी कोणताही खुलासा देणार नाही. नियमानुसार तो आवश्यक नाही."

शेवटचं वाक्य भाचीनं स्वतः घातलं.